कागदी पायांवर तीन बुक्क्या

भिंगरीच्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेला ते त्या शुक्रवारी कळलं.

शाळेच्या वरच्या मजल्यावर, हस्तकलेच्या वर्गामागे एक खोली होती. खोली कसली, जुनी अडगळच ती. पण तिच्यात भिंतभर काचेचं कपाट होतं आणि कपाटात विमानं, जहाजं, रणगाडे, एक दीपगृह आणि कुणीतरी आगकाड्यांचा बनवलेला पूल असं सगळं रुबाबात उभं होतं. हे मॉडेल मंडळ. मंडळात शिरायची रीत कुणी कधी कागदावर लिहिली नव्हती, पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती. आपण बनवलेली वस्तू मधल्या मोठ्या टेबलावर ठेवायची. ती कशापासून बनवली ते खणखणीत आवाजात सांगायचं. जे सांगितलं त्याशिवाय आत दुसरं काही निघता कामा नये. मग मंडळाच्या अध्यक्षाने टेबलावर तीन बुक्क्या मारायच्या. वस्तू उभीच राहिली, तिचं काही गळून पडलं नाही, की तुम्ही आत. लवंडली की बाहेर, पुढच्या वर्षी तोंड दाखवा.

अध्यक्षाला सगळे 'पाना' म्हणायचे. एक तर त्याच्या खिशात कायम छोटा पाना असायचा, आणि दुसरं म्हणजे दिसेल त्याला आवळायची त्याला सवय होती. अकरावीतला उंच मुलगा, बुक्की अशी की टेबलावरची खडूची पेटी उडायची.

भिंगरी त्या शुक्रवारी नुसती कपाट बघायला गेली होती. खरंच, नुसती बघायला.

"तू पण करणार आहेस काही?" पान्याने विचारलं.

"लढाऊ विमान," भिंगरी म्हणाली. म्हणाली म्हणजे तोंडातून निघूनच गेलं.

"वा! संच कुठला? प्लास्टिकचा की लाकडाचा?"

"कागदाचा."

खोलीत जी खसखस पिकली ती जिन्यापर्यंत गेली असेल. "कागदाचं विमान! अगं, ते आम्ही तिसरीत गणिताच्या तासाला करायचो," कुणीतरी म्हणालं.

भिंगरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मेसरश्मिट एकशे नऊ. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन विमान. सगळे भाग मोजून-मापून. कागद आणि डिंक, बस्स. तार नाही, काडी नाही, टाचणीसुद्धा नाही."

पान्याने शीळ घातली. "एकशे नऊ? त्याचे पाय बघितलेस का कधी? बगळ्यासारखे, जवळजवळ. खरं विमानसुद्धा धावपट्टीवर भेलकांडायचं. लोखंडाच्या पायांवर जे धड उभं राहायचं नाही, ते तू कागदाच्या पायांवर उभं करणार?"

"करणार."

"आणि पडलं तर?"

इथे शहाण्या माणसाने जीभ चावली असती. भिंगरीने नाही चावली. "पडलं तर वर्षभर या कपाटातली धूळ मी पुसेन. रोज."

कोपऱ्यात हजेरी लिहीत बसलेल्या हस्तकलेच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी ऐकलं हं," त्या म्हणाल्या, आणि परत हजेरीत डोकं घातलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिना उतरताना भिंगरीने स्वतःलाच दोन-चार शिव्या हासडल्या. पण शेवटच्या पायरीवर तिने ठरवलं: बोलून तर बसलेय, आता नाकावर टिच्चून करून दाखवायचं.

विमान तिच्याकडे होतं, म्हणजे चपटं होतं. रद्दीच्या दुकानात तिला एक जुनं मासिक मिळालं होतं, आणि त्याच्या मधल्या पानांवर हे विमान सुटं सुटं करून छापलेलं होतं. धडाचे तुकडे, पंखांचे तुकडे, चाकांच्या चकत्या, प्रत्येकाला आकडा, प्रत्येकाच्या कडेला डिंक लावायच्या छोट्या पाकळ्या. मूळ पानं जपून ठेवून तिने त्यांच्या प्रती जाड कागदावर काढून आणल्या आणि जेवणाच्या टेबलाचं एक टोक काबीज केलं.

"हे टोक आजपासून विमानतळ," तिने जाहीर केलं.

"मग मी ताट कुठे उतरवू?" बाबाने विचारलं. बाबा ड्रायव्हिंग शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याची सवयच झाली होती. घरात खुर्चीवर बसूनही कुणी घाईने चालत आलं की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

"धावपट्टीच्या पलीकडे."

आई नर्स होती. तिने दवाखान्यातून टाकून दिलेला, टोक किंचित वाकलेला एक चिमटा लेकीला आणून दिला होता. आत्ता ती कागदांवर वाकली आणि शेपटीच्या तुकड्यापाशी थबकली. "हे कुणाचं गं विमान?"

"जर्मनांचं. युद्धातलं."

"म्हणजे ज्यांनी माणसांना गाड्यांत कोंबून..."

"हो. त्यांचंच."

आईने शेपटीवर टेकलेलं बोट मागे घेतलं. भिंगरीला ते टोचलं. तिला विमान आवडलं होतं ते त्याच्या नाकासाठी, वैमानिकाच्या त्या अरुंद काचेच्या खोपटासाठी. ते कुणी उडवलं आणि कशासाठी, हे तिला इतिहासात शिकवलं होतं, पण तो धडा आणि हे टेबल एकमेकांना भेटले नव्हते. ती जरा वेळ शेपटीकडे बघत बसली. मग तिने करडा रंग कालवला आणि शेपटीवरचं ते वाकड्या हातापायांचं नाझी चिन्ह गडप होईपर्यंत रंगवून टाकलं.

"यंत्र शिकते मी आई," ती म्हणाली. "यांची आरती नाही करत."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने दिवा ओढून टेबलाच्या जवळ आणला. झालं, परवानगी मिळाली.

मग कामाला जी सुरुवात झाली ती अशी की अभ्यास, जेवण आणि झोप या तिन्ही गोष्टी मधल्या सुट्टीत होऊ लागल्या. शाई संपलेल्या पेनाने घडीच्या रेषांवर आधी खाच पाडायची, नाहीतर कागद मनाला येईल तिथे मोडतो. तुकडा कापला की त्याची पांढरी कड त्याच रंगाने रंगवायची, नाहीतर सगळं विमान ठिगळं लावल्यासारखं दिसतं. आणि गोल करायचा भाग टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढायचा, तेही कागदाचा कल बघून. कागदालाही मांजरासारखा कल असतो. एका बाजूने हात फिरवला तर वळतो, दुसऱ्या बाजूने फिरवला तर फिस्कारतो. हे भिंगरीला कुणी सांगितलं नव्हतं. तीन नाकं मोडल्यावर तिला ते कळलं.

चौथं नाक मात्र असं वळलं की तिने ते हातात घेऊन घरभर नाच केला. बाबाने दोनदा ब्रेक दाबला.

धड झालं. त्याच्या आत कागदी बरगड्या, बरगड्यांवर कातडी. पंख झाले. खोपट झालं. आता पाय. तिने कागदाच्या पट्टीला डिंक फासला, ती आईच्या जाड सुईभोवती घट्ट गुंडाळली, सुई काढून घेतली आणि पट्टी वाळू दिली. सकाळी ती नळी टेबलावर आपटली तर टक् असा लाकडासारखा आवाज आला. भिंगरीच्या अंगावर काटा आला, आनंदाचा.

चाकं मिटल्यावर जिथे बसतात ते खड्डे पंखांच्या पोटाशी छापलेले होते. म्हणजे पायही पंखालाच, उघड आहे. तिने पाय पंखांना चिकटवले, चाकं लावली, शेपटीखालचं इवलं चाक लावलं, आणि विमान उभं केलं.

उभं राहिलं! नाक वर करून, ऐटीत, जणू शेजारी मीठ मागायला येऊनही तोरा मिरवणारी बाई.

"बाबा, बुक्की मार!"

"विमानाला?"

"टेबलाला रे!"

बाबाने मुद्दाम हलकीच मारली. विमानाचे दोन्ही पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे फाकले आणि विमान पोटावर बसलं.

"क्लच जरा लवकर सुटला," बाबा हळूच म्हणाला.

भिंगरी हसली नाही. तिने पाय काढले, जाड केले, परत लावले. परत फाकले. पंखाला आतून आणखी कागद चिकटवून तो कडक केला. पंख कडक झाला, पण इतका डिंक प्यायला की वाळताना वाळक्या पानासारखा पिळवटला. आता विमानाचा एक पंख आकाशाकडे आणि दुसरा पाताळाकडे. मंडळाची चाचणी पुढच्या शुक्रवारी होती.

"पायांत बारीक तार घाल ना," बाबा म्हणाला. "माझ्याकडे आहे. आतून कुणाला दिसतेय?"

"मला."

"कागदाच्या आत गेल्यावर तुला तरी कशी दिसेल?"

"बाबा, मी सगळ्यांसमोर 'तार नाही' म्हणाले. तू तुझ्या माणसांना सांगतोस ना, आरशात न बघता वळायचं नाही, पोलीस असो नसो?"

बाबाने हात जोडले. "माझंच शस्त्र माझ्यावर! ठीक आहे. मग एक विचारतो. गाडी खोलून परत जोडली आणि हातात एखादा स्क्रू उरला, तर काय समजायचं?"

"काय?"

"गाडी चालणार नाही असं. तुझ्या विमानाचं काही उरलंय का?"

"छे! काही नाही उरलं," भिंगरी ठसक्यात म्हणाली, आणि खोडरबराचा कचरा झाडून आपल्या छोट्या कागदी खोक्यात टाकायला वळली.

हात तिथेच थांबला.

ते खोकं. त्याच प्रतींतल्या एका तुकड्यातून झालेलं, तिरक्या बाजूंचं, दोन बाजूंना भोकं असलेलं छोटं खोकं. पहिल्याच दिवशी तिने ते हौसेने जोडलं होतं, पण ते कुठे बसतं ते कळेना. आकडा प्रत काढताना कडेला कापला गेला होता. जास्तीचा तुकडा असेल, असं म्हणून तिने ते कचऱ्याला ठेवलं होतं. तिने मूळ मासिक उघडलं. विमानाच्या शेजारच्या पानावर बारीक अक्षरात एक मोठा लेख होता. त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण त्यात कापायचं काही नव्हतं. आता तिने तो बोट ठेवून वाचला.

"बाबा! आई! अरे, पाय पंखाला नाहीतच! पाय पोटातून निघतात! चाकं फक्त मिटून पंखात जातात. पाय मुळात धडाला जोडलेले. त्यांनी ते मुद्दाम केलं होतं, म्हणजे दुरुस्तीसाठी दोन्ही पंख उतरवून ठेवले तरी विमान आपल्या पायांवर उभं!"

"म्हणजे ते खोकं..." आई म्हणाली.

"हे खोकं म्हणजे त्याची कंबर! आणि मी त्याच्या कमरेत कचरा भरत होते!"

तिघंही हसत सुटली. भिंगरी सर्वांत जास्त हसली, आणि हसता हसताच तिने ब्लेड उचललं. कारण आता एकच मार्ग होता: तयार झालेलं, रंगवलेलं, इतक्या हौसेने वळवलेलं धड पोटात कापायचं. आईने बघवेना म्हणून तोंड फिरवलं. खरं म्हणजे आई रोज माणसांना टाके घालताना बघायची.

"हात थरथरतोय का?" आईने पाठमोरीच विचारलं.

"नाही."

"मग काप. आणि एकदाच काप, करवत चालवू नकोस."

भिंगरीने एकदाच कापलं. खोकं आत बसलं ते असं, जणू वाटच बघत होतं. पायांच्या नळ्या दोन भोकांतून वर गेल्या आणि आत एकमेकींना टेकल्या. मग तिने नवे पंख केले, या वेळी डिंक ओठाला लोणी लावल्यासारखा, जेमतेम. बाबाने बुक्की मारली. मग खरी बुक्की मारली. मग खुर्चीवरून उठून अशी मारली की भांडी वाजली आणि शेजाऱ्यांनी भिंतीवर टकटक केली.

विमान थरथरलं, डुललं, आणि उभं राहिलं.

शुक्रवारी भिंगरीने विमान बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं. बस गर्दीची म्हणून बाबा म्हणाला, "सकाळचा पहिला धडा तुझ्या शाळेच्याच रस्त्याने नेतो. मागे बस, पण शिकणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही."

शिकणारं माणूस म्हणजे एक काकू. निवृत्त झाल्यावर, नातवंडांनी 'आता कशाला' म्हटल्यावर, मुद्दाम गाडी शिकायला आलेल्या. गाडी चालवायच्या तर स्टिअरिंगला असं घट्ट धरून, जणू ते पळून जाईल.

"मास्तर, मागे कोण?" काकूंनी आरशात न बघता विचारलं.

"माझी मुलगी. आरशात बघा, दिसेल."

"मांडीवर काय आहे गं तुझ्या?"

"विमान," भिंगरी म्हणाली. नियम मोडला.

"विमान!" काकू मागे वळल्या, बाबा 'समोर, समोर!' ओरडला, समोरून एक मांजर शेपटी वर करून निवांत चाललं होतं, आणि काकूंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. बाबाने आपल्या बाजूचाही दाबला. गाडी अशी थांबली की भिंगरी पुढच्या सीटवर आदळली आणि खोकं पुढे जाऊन काचेवर आपटलं.

मांजराने एकदा बघितलं आणि गेलं.

भिंगरीने झाकण उघडलं. धड शाबूत. खोपट शाबूत. डावा पंख मुळापासून फाटून कापसात पडला होता.

"हे गं काय झालं माझ्या हातून," काकू कासावीस झाल्या. "मास्तर, मी सोडते हे शिकणं. लोक म्हणतात तेच खरं."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते गालावर उतरणार एवढ्यात तिला काकूंचे स्टिअरिंगवरचे हात दिसले. शिकणं सोडते म्हणत होत्या, पण हात सुटले नव्हते.

"काकू," ती नाक ओढत म्हणाली, "सोडायचं नाही. मला शाळेत उशीर होतोय. पहिला गिअर टाका."

बाबाने मागे वळून लेकीकडे पाहिलं. काकूंनी पहिला गिअर टाकला. उरलेल्या रस्त्यात गाडी एकदाही बंद पडली नाही.

वरच्या खोलीत सगळे जमले होते. भिंगरीने खोकं उघडलं आणि पान्याने मान लांब केली. "अरेरे. पंख गेला? मग पुढच्या वर्षी ये."

"का? आज चाचणी आहे ना?"

"एका पंखाच्या विमानाची?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "बिनपंखांच्या." तिने दप्तरातून ब्लेड काढलं आणि चांगला, धडधाकट उजवा पंखही एका झटक्यात कापून काढला. खोलीत कुणीतरी 'आई गं' म्हणालं. तिने दोन्ही पंख टेबलावर बाजूला मांडून ठेवले आणि मध्ये ते उघडंबोडकं धड आपल्या दोन बगळापायांवर उभं केलं.

"हे विमान आहे की सोललेला मुळा?" एकाने विचारलं. हशा झाला.

भिंगरी थांबली. हशा ओसरू दिला. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "मेसरश्मिट एकशे नऊ. कागद आणि डिंक. कारखान्यात याचे पंख उतरवून ठेवायचे तेव्हा ते असंच उभं राहायचं. याचे पाय पोटातून निघतात. मार बुक्की."

पाना खाली वाकला. त्याने बॅटरीच्या उजेडात पोटाखाली बघितलं, पायांवर नखाने टकटक केलं. "तार?"

"कापून बघ. पण मग परत तू जोडून द्यायचं."

तो सरळ झाला. "शेपटीवरचं चिन्ह कुठे गेलं? तिथे असतं एक. अचूक नाही हे."

"तिथे काय असतं ते माहीत आहे, म्हणूनच नाही ठेवलं," भिंगरी म्हणाली. "तेवढं अचूक मला व्हायचं नाही."

बाईंनी हजेरी मिटली. "अध्यक्ष, चाचणी अचूकतेची आहे की उभं राहण्याची?"

पान्याने बाही वर केली. पहिली बुक्की. खडूची पेटी उडाली. विमान डुललं आणि उभं राहिलं. दुसरी. बाजूचे पंख सरकले. विमान टेकून होतं तिथेच. तिसरी त्याने सगळा जीव लावून मारली.

विमान एका पायावर कललं. ते तसंच, कललेलं, क्षणभर विचार करत राहिलं, आणि मग टक् करून दुसरा पाय खाली आला.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे बोलू लागले. "पण पंख नाहीत!" "नियमात पंखाचं कुठे आहे?" "विमानाला पंख नकोत? मग उद्या मी बिनचाकाची मोटार आणतो!"

पाना बाईंकडे बघत होता. बाई म्हणाल्या, "वस्तू पडली नाही. ती आत आली."

"नाही बाई," भिंगरी म्हणाली. "मी लढाऊ विमान म्हणाले होते. सोललेला मुळा नव्हते म्हणाले. मला डिंक वाळेपर्यंत वेळ द्या. मग परत तीन."

"अगं, तू जिंकलीस!" पाना चक्रावून म्हणाला.

"मग तुला काय भीती?"

ती खिडकीजवळ बसली. जुन्या प्रतीच्या उरलेल्या कागदातून तिने दोन जोडपट्ट्या कापल्या, त्या पंखाच्या मुळात आतून अर्ध्या बसवल्या, अर्ध्या धडात. डिंक ओठाला लोणी लावल्यासारखा. चिमटा वाकड्या टोकाचा होता म्हणूनच त्या कोपऱ्यात पोचला. आधी सगळे लांबून बघत होते. मग एकेक जण जवळ आला. आगकाड्यांचा पूल करणारी मुलगी पंखाखाली आपली मोजपट्टी टेकू म्हणून धरून बसली. 'मुळा' म्हणणारा मुलगा फुंकर घालू लागला. भिंगरीने त्याला हाकललं. "थुंकी उडते तुझी. लांबून फुंक."

जोड वाळला. डाव्या मुळाशी एक बारीक सुरकुती राहिली, नीट बघितलं तर दिसेल अशी. तिने ती रंगाने झाकली नाही. विमान टेबलावर ठेवलं, पंखांसकट, नाक वर करून.

"मार."

पहिली. पंखांची टोकं हेलकावली, जणू आत्ता उडणार. दुसरी. सुरकुती ताणली गेली, पण फाटली नाही. तिसरी बुक्की पान्याने अशी हाणली की टेबल कण्हलं, खिडकीची काच वाजली आणि मागच्या कपाटात काहीतरी टुक् करून पडलं.

सगळ्यांनी आधी टेबलाकडे बघितलं. विमान उभं होतं. डुलत होतं, पण उभं होतं.

मग सगळ्यांनी कपाटाकडे बघितलं. मधल्या फळीवर पान्याचं स्वतःचं प्लास्टिकचं विमान होतं आणि त्याचा नाकावरचा पंखा निखळून फळीवर गोल गोल फिरत होता.

पान्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून आधी बाईच हसल्या. मग खोली फुटली. पान्याने कपाट उघडलं, पंखा उचलला, थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि शेवटी म्हणाला, "डिंक आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे," भिंगरी म्हणाली. "पण जेमतेम लावायचा. शिकवीन."

त्याने मधल्या फळीवर आपलं विमान जरा सरकवलं. शेजारी जागा झाली, पण त्या जागेवर वर्षानुवर्षांची धूळ होती, बोटाने नाव लिहिता येईल इतकी. भिंगरीने इकडेतिकडे बघितलं, खिळ्याला लटकलेलं फडकं घेतलं आणि ती जागा पुसून चकचकीत केली. आपल्या विमानापुरतीच. बाकीच्या फळीला तिने बोटसुद्धा लावलं नाही.

"उरलेली?" बाईंनी विचारलं.

"उरलेली अध्यक्षांनी पुसावी," भिंगरी म्हणाली, आणि आपलं विमान त्या स्वच्छ चौकोनात, त्याच्या स्वतःच्या कागदी पायांवर उभं केलं.